बेटावरच्या सुट्टीत स्कूबाचं प्रमाणपत्र: केंद्र कसं निवडायचं?

निळीशाई:

आम्ही चौघं एका बेटावर आठ रात्रींसाठी जातोय. मी, नवरा (वय ४७, रक्तदाबाची गोळी चालू), मुलगी १३ वर्षांची, मुलगा १० चा. चौघांनाही पोहता येतं. याच सुट्टीत ओपन वॉटर (स्कूबाचं पहिल्या पायरीचं) प्रमाणपत्र घ्यायचा विचार आहे. पर्याय तीन आहेत.

पहिला, रिसॉर्टच्या आवारातलंच केंद्र. तलाव तिथेच, बोटही तिथूनच सुटते, 'तीन दिवसांत प्रमाणपत्र' म्हणतात. एसएसआय या प्रशिक्षण संस्थेचं आहे. दुसरा, धक्क्याजवळचं छोटं केंद्र. तलाव नाही, सुरुवातीचं सगळं शांत उथळ समुद्रात शिकवतात, आणि चार दिवस मागतात. हे पॅडी या दुसऱ्या संस्थेचं. तिसरा, थिअरी आणि तलावाचा भाग निघण्याआधी घरच्या गावीच उरकायचा आणि बेटावर फक्त समुद्रातले चार डायव्ह करायचे.

एसएसआय की पॅडी याने फरक पडतो का? मुलाला आत्ताच कोर्स करू द्यावा का? आणि पैसे भरण्याआधी केंद्राला नेमकं काय विचारायचं?

तळठाव:

संस्थेचा प्रश्न आधी, कारण तो लवकर मिटतो. पॅडी, एसएसआय, नॉई यांपैकी कुणाचंही ओपन वॉटर जगभर चालतं आणि पुढचा कोर्स दुसऱ्या संस्थेकडे करता येतो. कोर्स कसा होईल हे कार्डावरच्या चिन्हावर नाही, पाण्यात तुमच्यासोबत कोण उतरतो आणि त्याच्यामागे किती जण आहेत यावर ठरतं.

आता दिवसांचा हिशोब. थिअरी ऑनलाइन होते. मग उथळ पाण्यातली पाच सत्रं, मग समुद्रातले चार डायव्ह. पॅडीच्या नियमानुसार हे चार डायव्ह किमान दोन दिवसांत विभागावे लागतात. पहिले दोन १२ मीटरपर्यंत, पुढचे दोन जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. तेव्हा 'तीन दिवस' नियमात बसतात, पण थिअरी आधीच संपलेली हवी, बोट एकदाही रद्द व्हायला नको आणि चौघांपैकी कुणाचाही कान अडायला नको. चार जणांच्या कुटुंबात यातलं एक तरी घडणारच असं धरून चाला. चार दिवस मागणारं केंद्र तुम्हाला खरं सांगतंय.

तरी माझं मत तिसऱ्या पर्यायाला. याला रेफरल म्हणतात. मास्क काढून परत घालणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाने घ्यायचं साधन) शोधून घेणं, जोडीदाराच्या पर्यायी रेग्युलेटरवर श्वास घेणं, हे सगळं तलावात पुन्हापुन्हा घोटता येतं. कोर्स फसतो तो बहुतेक मास्कवर. नाकात पाणी गेलं की माणूस वर धावतो. तलावात उथळ भागात उभं राहिलं की झालं, समुद्रात तसं वर जाता येत नाही. घरी तीन आठवडे हाताशी असतील तर ही भीती तिथेच मोडते आणि सुट्टीतले दोनच दिवस कोर्सला जातात.

रेफरल करताना पुढचं सांभाळा. दोन्ही टोकांची केंद्रं एकाच संस्थेची घ्या, नाहीतर कागद जुळवताना सुट्टीतला अर्धा दिवस जातो. पॅडीचं रेफरल शेवटच्या पूर्ण झालेल्या टप्प्यापासून १२ महिने चालतं. सही-शिक्क्याचा रेफरल फॉर्म, वैद्यकीय फॉर्म आणि ऑनलाइन थिअरी पूर्ण झाल्याची नोंद, या तिन्हींच्या प्रती सोबत ठेवा आणि आठवडाभर आधी केंद्राला ईमेलही करा. तिथे पोहोचल्यावर ते एकदा उथळ पाण्यात कौशल्यं करून दाखवायला सांगतील. कुरकुर करू नका. न तपासता थेट बोटीवर चढवणारं केंद्र मला जास्त खटकेल.

गोड्या पाण्यातून खाऱ्यात गेल्यावर शिशाची वजनं बदलतात, हे बऱ्याच नवशिक्यांना कुणी सांगत नाही. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि अंगावरची साधनं मिळून १०० किलो असाल तर साधारण अडीच किलो शिसं वाढवावं लागतं. पहिल्या डायव्हआधी पृष्ठभागावर वजन तपासून घ्या. तरंगण्यासाठी हवा भरतात त्या जॅकेटमधली हवा पूर्ण सोडायची, नेहमीसारखा श्वास धरायचा, पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. सिलिंडर भरलेलं असेल तर त्यावर आणखी दोनेक किलो धरा, कारण नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरातल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं आणि डायव्ह संपता संपता ती गेलेली असते. वजन कमी पडलं तर नेमकं शेवटी, सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तेव्हा, माणूस वर तरंगत जातो.

ओहोटी:

तळठाव यांचं बाकी सगळं मान्य, रेफरल सरसकट चांगलं हे मात्र मान्य नाही.

तलाव एकाने शिकवला आणि समुद्र दुसऱ्याने, की मधल्या उणिवा कुणाच्याच नसतात. पहिल्याने मास्कचं कौशल्य गुडघे टेकून करून घेतलेलं असतं, दुसरा ते तरंगत करायला सांगतो. मुलगा कशाने बिचकतो हे दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते कळण्याची पहिली जागा ठरते समुद्र. मुलांसोबत करत असाल तर पहिल्या सत्रापासून शेवटच्या डायव्हपर्यंत एकच इन्स्ट्रक्टर असण्याचं मोल दोन वाचलेल्या दिवसांपेक्षा जास्त आहे. आठ रात्रींत चार दिवस सहज बसतात.

म्हणून मधला मार्ग सुचवेन. थिअरी संपूर्ण घरी, पाण्यातलं सगळं बेटावर. सुट्टीत संध्याकाळी मुलांना मोबाइलवर धडे वाचायला बसवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, तेवढं मात्र नक्की टाळा. लेखी परीक्षा ५० प्रश्नांची, ७५ टक्क्यांना पास. मुलाला जी भाषा सहज वाचता येते त्याच भाषेतला अभ्यासक्रम मागा. दहा वर्षांचं मूल 'दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मं' हे पाठ करून पास होईल, पण वर येताना श्वास का धरायचा नाही हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ते तुम्ही घरी तपासा.

तलाव नाही म्हणून धक्क्याजवळचं केंद्र बाद करू नका. उथळ, तळ वाळूचा, लाटा-प्रवाह नसलेला आणि इन्स्ट्रक्टरला सगळे एका नजरेत दिसतील इतका स्वच्छ असा समुद्र चालतो. फक्त त्यांना हे विचारा: तुम्ही जाणार त्या महिन्यात वारा बेटाच्या कोणत्या बाजूने येतो आणि ही जागा आडोशाच्या बाजूला आहे का? वारा फिरला तर दुसरी जागा कोणती? याचं उत्तर जागेच्या नावासकट आलं पाहिजे. 'आमच्याकडे बाराही महिने शांत असतं' हे उत्तर नव्हे.

कानसेन:

नवऱ्याच्या फॉर्मबद्दल कुणी बोललं नाही, आणि सुट्टी तिथेच अडते.

२०२० पासून वापरात असलेल्या वैद्यकीय प्रश्नावलीत पहिल्या पानावर १० प्रश्न आहेत. वय ४५ च्या वर असलं की पुढच्या पानावरचा एक वेगळा चौकोन भरावा लागतो. त्यात उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि घरातला हृदयविकार विचारतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू आहे का हा वेगळा प्रश्न आहे. त्यांचं दोन्हीकडे 'हो' येणार, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची सही लागणारच. ही सही निघण्याआधी घ्या. बेटावर पोहोचून, धक्क्यावर फॉर्म भरताना हे कळलं तर पहिला दिवस दवाखाना शोधण्यात जातो. आणि मग सगळीकडे 'नाही' लिहून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तोच कागद मागते.

डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाच्या औषधांचा एक प्रकार) असेल तर श्रम करताना हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही, म्हणून ते व्यायामाची चाचणी मागू शकतात. मुलांच्या फॉर्मवर पालकांची सही लागते. दमा, कानाची शस्त्रक्रिया, झटके यांतलं काही असेल तर त्यांनाही डॉक्टर.

आता कान. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब १ बारवरून २ बार होतो, म्हणजे सगळ्यात मोठा सापेक्ष बदल याच पहिल्या टप्प्यात. कान दुखायला लागल्यावर इक्वलाइझ (कानातला दाब बाहेरच्या दाबाएवढा) करायचं नसतं, दुखण्याआधीच, दर अर्ध्या ते एक मीटरला करायचं. अडलं तर मीटरभर वर येऊन पुन्हा. जोर लावून फुंकायचं नाही, आतल्या कानाला इजा होते. सवय घरीच लावा: नाक चिमटीत धरून हलकेच फुंकणं, आणि नाक धरून गिळणं. दोन्ही कानांत 'टक्' ऐकू आलं पाहिजे. मुलांना आठवडाभर दिवसातून चारपाचदा करायला लावा.

सर्दी असेल तर डायव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन खाली जाता येतं, पण तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि वर येणं तर टाळता येत नाही. वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवा तो यासाठी.

सागरगोटा:

मुलांचं स्वतंत्रपणे.

पॅडीत १० ते १४ वयाला 'ज्युनिअर ओपन वॉटर' मिळतं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना खोलीची मर्यादा १२ मीटर, आणि त्यांनी आईवडील, पालक किंवा व्यावसायिक डायव्हरसोबतच जायचं. आईवडील अर्थातच स्वतः प्रमाणपत्रधारक हवेत. १२ ते १४ ला १८ मीटर, प्रमाणपत्र असलेल्या प्रौढासोबत. म्हणजे तुमच्या दोन मुलांची मर्यादा वेगळी आहे. तिसऱ्या-चौथ्या डायव्हला मुलगी १८ वर आणि मुलगा १२ वर अशी वेळ आली तर एक इन्स्ट्रक्टर दोन्हीकडे असू शकत नाही. एक तर सगळ्यांनी १२ वर राहायचं (काही बिघडत नाही, रंग आणि मासे तिथेच जास्त असतात) किंवा केंद्राने दुसरा माणूस द्यायचा. हे आधी ठरवून घ्या.

गटाचं प्रमाण: पॅडीच्या नियमात समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी. गटात १०-११ वर्षांचं मूल असेल तर जास्तीत जास्त ४, आणि त्यांतली या वयाची दोनच. ही कमाल मर्यादा आहे, आदर्श नाही. तुम्ही चौघं म्हणजे ती मर्यादा काठोकाठ भरली. तुमचा गट तुमचाच राहील, आणखी कुणी जोडणार नाही, हे लिहून घ्या. शक्य असेल तर सोबत एक डायव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरला मदत करणारा व्यावसायिक डायव्हर) मागा. कारण नियंत्रित आपत्कालीन चढण (हवा संपली तर सावकाश वर येणं) नावाचं एक कौशल्य इन्स्ट्रक्टर प्रत्येकासोबत एकेकट्याने करतो, सहा ते नऊ मीटरवरून वर. तो एकासोबत वर जात असताना उरलेल्या तिघांकडे कोण पाहतं? हा प्रश्न विचारा. केंद्र चांगलं असेल तर क्षणात उत्तर येईल.

साधनं. प्रौढांचं ११ लिटरचं ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामंच १४ किलोच्या वर भरतं. तीस-पस्तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर ते आलं की तो पाण्याबाहेर उलटा पडतो आणि पाण्यात एका कुशीवर कलंडतो. ६ ते ८ लिटरचं छोटं सिलिंडर आहे का, जॅकेट सगळ्यात लहान मापाचं आहे का (पट्टे पूर्ण ओढल्यावरही खांद्यात बोटभरापेक्षा जास्त सैल नको), रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग लहान मुलांचा आहे का. मोठा असला तर जबडा दुखतो, ओठांच्या कडेने पाणी येतं, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मास्क स्वतःचा न्या, चौघांचाही. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला तर बसला. पाणी कोमट वाटलं तरी मुलांचं अंग लवकर गार पडतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचा वेटसूट मागा. दात वाजायला लागले की डायव्ह तिथेच संपवायचा.

मुलाने आत्ता करावा का? पोहण्याची अट २०० मीटर, वेळेची मर्यादा नाही (किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्कल लावून ३००), आणि १० मिनिटं तरंगणं. ते त्याला जमेल. पण कसोटी वेगळी आहे: अनोळखी मोठ्या माणसाला तो 'मला नको' असं स्पष्ट सांगतो का? नसेल सांगत तर वर्ष-दोन वर्षं थांबा. दरम्यान 'डिस्कव्हर स्कूबा'सारखा अनुभव-डायव्ह त्याला मिळू शकतो, तोही वयाच्या दहाव्या वर्षापासून आणि १२ मीटरच्या आतच. फी भरलीय म्हणून ढकलू नका, आणि तो नको म्हणाला तर पैशांचं काय होईल हे केंद्राला आधीच विचारून ठेवा.

निळीशाई:

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. रिसॉर्टवाले म्हणतात, पहिल्या दिवशी अनुभव-डायव्ह करा, तो नंतर कोर्समध्ये मोजू. हे खरं असतं का? आणि शेवटच्या दिवशी बेटावरच्या डोंगरमाथ्यावर जायचंय, दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. डायव्ह शेवटून दुसऱ्या दिवशी संपले तर चालेल ना?

तळठाव:

अनुभव-डायव्ह कोर्सचा पहिला डायव्ह म्हणून धरता येतो, पॅडीत तशी सोय आहे, पण अटी पाळून आणि इन्स्ट्रक्टरच्या निर्णयाने. तुमच्या केंद्राकडून हे लेखी घ्या: कोणता इन्स्ट्रक्टर, कोणत्या कौशल्यांसह, आणि कोर्सच्या फीमधून किती वजा होणार. नाहीतर तेच पैसे दोनदा जातात.

डोंगराचा प्रश्न चांगला विचारलात, बरेच जण फक्त विमानाचा विचार करतात. डायव्ह करताना शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला तुम्ही विमानाने वर गेलात की गाडीने याने फरक पडत नाही, बाहेरचा दाब किती उतरला याने पडतो. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा: एकच साधा डायव्ह केला असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास. कोर्स दुसऱ्या प्रकारात येतो. मी पूर्ण २४ धरतो, मुलं असताना तर नक्कीच. तुमचा शेवटचा डायव्ह दुपारी दोनला संपला तर डोंगर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, सकाळी नाही. विमानाला अडचण नाही.

यापेक्षा सोपं म्हणजे क्रम उलटा करा. पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत कोर्स, सहावा राखीव, डोंगर शेवटी. लोक कोर्स शेवटी ठेवतात आणि एक दिवस वाऱ्यात गेला की चौथा डायव्ह राहून जातो. तसं झालंच तर रेफरल फॉर्म भरून मागा, राहिलेला डायव्ह १२ महिन्यांत दुसरीकडे करता येतो.

ओहोटी:

फीमध्ये काय धरलंय तेही विचारा. ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रमाणपत्राची फी, बोट, साधनं, सागरी उद्यानाचं शुल्क, यांतलं एखादं बाहेर ठेवून आकडा छोटा दाखवतात. आणि इन्स्ट्रक्टर स्वतः फोटो काढणार असेल तर नको म्हणा. कोर्सच्या डायव्हला त्याचे दोन्ही हात रिकामे हवेत. त्याचा सदस्य क्रमांक मागून संस्थेच्या संकेतस्थळावर तो सध्या शिकवण्यास पात्र आहे का हे पाहता येतं. यात कुणी अपमान मानत नाही.

कानसेन:

एक प्रश्न माझा पण जोडा: बोटीवर ऑक्सिजन किती लिटर, आणि किनारा, दवाखाना, दाबकक्ष (डायव्हिंगच्या अपघातावर दाबाखाली उपचार करायची खोली) किती लांब? अपघात झालेल्या माणसाला मिनिटाला १५ लिटर दिला तर ६०० लिटरचं सिलिंडर ४० मिनिटांत संपतं. डायव्हची जागा धक्क्यापासून तासभर लांब असेल तर ९०० लिटर तरी हवा, तोही एकाच माणसापुरता. 'आहे ना, बोटीवर असतो' एवढ्यावर थांबू नका, सिलिंडरवरचा दाबमापक दाखवायला सांगा.

विमा घेताना साध्या प्रवास-विम्यातली खोलीची अट वाचा, आणि प्रमाणपत्र नसलेल्या माणसाचे प्रशिक्षण-डायव्ह त्यात येतात का तेही. बऱ्याच पॉलिसींत येत नाहीत. डायव्हिंगचा वेगळा विमा घेतला तर दाबकक्षाचा आणि तिथपर्यंत हलवण्याचा खर्च त्यात आहे ना हे पाहा, आणि मुलांची नावंही घाला.